हालिकाच्या बायकोची वर्गणी

पावसाळ्यात मळवलीला लोकलमधून उतरणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. पाठीवर सॅक घेऊन लोहगड-विसापूर चढणारे, आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे घेऊन धबधब्याखाली भिजायला आलेले. आम्ही दोघं यातल्या कशातच बसत नव्हतो. माझ्याकडे एक छत्री होती आणि माझ्या मित्राच्या गळ्यात, ऐन जुलैमध्ये, लोकरी मफलर. मफलर पुणे एफसीचा. क्लब बंद पडून इतकी वर्षं झालीत की डब्यातल्या कुणी त्याला ‘हे काय आहे’ असंही विचारलं नाही. एका पोराने फक्त ‘थंडी वाजतेय का?’ एवढं विचारलं.

मित्र मिझोरममधल्या लुंगलेईचा. पुण्यात चौदा-पंधरा वर्षं काढली, आणि आता पुढच्या आठवड्यात कायमचा घरी चालला होता. जाण्याआधी काय बघायचंय असं विचारलं तर म्हणाला, ‘दादा, तुम्ही ते यवनांचं सांगायचात ना, ते.’ यवनांचं म्हणजे कार्ल्याचं. पण कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असते, आणि मला भाजे जास्त आवडतं. म्हणून आधी भाजे, मग जमलं तर कार्ले, असा बेत केला. पावसाळ्यात ‘जमलं तर’ म्हणजे जमत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

स्टेशनाबाहेर पडून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की एकदम भाताची खाचरं लागतात. लावणी चालू होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर इरल्याच्या जागी आता निळा-पिवळा प्लास्टिकचा कागद. खालून शंभरच्या वेगाने गाड्या मुंबईला चाललेल्या आणि बाजूच्या खाचरात बैल चिखल तुडवत होते. मित्र पुलावर थांबून बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिला. त्यांच्याकडेही भातच, पण डोंगरउतारावरचा, जंगल जाळून केलेल्या झूमचा. ‘आमच्याकडे पाणी असं थांबत नाही,’ तो म्हणाला.

त्याची माझी ओळख बालेवाडीच्या स्टेडियममध्ये झाली. पुण्याचं फुटबॉल तोवर लष्कर भागात आणि खडकीत राहायचं. पेठांतल्या मंडळींना त्याची खबर सहसा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मिळायची. 2007 मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला, दोनच वर्षांत तो आय-लीगच्या, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य फुटबॉल लीगच्या, वरच्या गटात आला आणि पहिल्याच हंगामात तिसरा आला. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं म्हाळुंगे-बालेवाडीचं संकुल हे त्याचं घर. मी तिथे जायचो तो खरं तर एका साप्ताहिकासाठी चारशे शब्द लिहायला. संध्याकाळच्या सामन्याला स्टँडमध्ये आयटीतली पोरं, लष्करातून आलेले दोनचार जुने जाणकार, कुणाचे तरी शाळकरी भाचे, आणि एका कोपऱ्यात ही मंडळी: मिझो, मणिपुरी, खासी, नागा. विमाननगर, कल्याणीनगर, कोंढवा, कुठून कुठून दोन-दोन बस बदलून आलेली. पुण्यात कामाला नाहीतर शिकायला. त्यांच्यापैकी कुणाला पुण्याबद्दल विशेष प्रेम होतं असं नाही. जेजे लालपेखलुआ खेळतो म्हणून यायची. जेजे ह्नाहथिआलचा, म्हणजे माझ्या मित्राच्या शेजारच्याच मुलखातला. त्याने चेंडू घेतला की तो कोपरा उभा राहायचा आणि मला एक अक्षर कळणार नाही अशा भाषेत ओरडायचा.

मी एकदा त्यांच्यात जाऊन बसलो. तिथून उठलोच नाही.

पायऱ्या सुरू झाल्या. भाज्याच्या पायऱ्या कार्ल्याइतक्या दमवत नाहीत, पण पावसात निसरड्या होतात आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी फोटोसाठी थांबलेलं असतं. वर तिकीट काढलं. समोर एकदम ते मोठं चैत्यगृह. भाज्याच्या बावीस लेण्यांतलं हे बाराव्या क्रमांकाचं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. पुढची लाकडी दर्शनी बाजू केव्हाच गेली, त्यामुळे आतलं सगळं उघडं, एखाद्या घराची पुढची भिंत काढून ठेवावी तसं. आत 27 अष्टकोनी खांब, आतल्या बाजूला किंचित कललेले. दगडाचे खांब कलायची गरज नसते, पण कारागिरांचा हात लाकडाचा होता. लाकडी मांडवात खांब तिरके घालावे लागतात, तर इथेही घातले. वर कमानीच्या लाकडी फासळ्या, त्यातल्या कितीतरी मूळच्या. दोन हजारांहून जास्त पावसाळे काढलेलं लाकूड. माझ्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराच्या दरवाजाची चौकट तीन पावसाळ्यांत फुगली, हे मला तिथे उभं राहून आठवतंच.

‘हे कुणी बांधलं?’ मित्राने विचारलं. ‘राजाने?’

इथेच मला बोलायला आवडतं, आणि इथेच माझ्याबरोबरचे लोक हळूहळू धबधब्याकडे सरकतात. हा सरकला नाही.

या डोंगररांगेतली लेणी एका कुणाच्या खिशातून झालेली नाहीत. भाज्यात पाण्याच्या टाक्यावर एक लेख आहे, महारठी कोसिकीपुत विण्हुदत्ताचा. आपल्या आईचं नाव पुढे लावणारा हा मोठा माणूस, त्याने ‘पोढी’, म्हणजे पाण्याचं टाकं, दान दिलं. महारठी असूनही एकच टाकं. आणि याच लेण्यांत आणखी एक लहानसा लेख आहे: बाधा नावाच्या बाईचा. ओळख काय, तर हालिकाची बायको. हालिक म्हणजे नांगरट करणारा, शेतकरी. तिचंही दान. महारठीच्या लेखाला जो दगड, तोच तिच्या लेखाला.

आणि समोर, इंद्रायणीच्या खोऱ्याच्या पलीकडे, ढगात बुडालेलं कार्ले. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. एक खांब एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. कुणी सोपाऱ्याचा. वैजयंतीहून, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीहून आलेला भूतपाल नावाचा शेठ तर लेखात आपण केलेलं काम जंबुद्वीपात उत्तम असल्याचं सांगून मोकळा होतो. एवढा आत्मविश्वास हल्ली बिल्डरांच्या जाहिरातीतच दिसतो. आणि बरेच खांब धेनुकाकटाच्या यवनांचे. यवन म्हणजे थेट ग्रीक, की इथे स्थिरावलेल्या ग्रीकांची नातवंडं, की पश्चिमेकडून आलेला कुणीही, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. धेनुकाकट नेमकं कुठलं, यावरही आहेत. पण नावं बघा: सिहधय, धम्म. आडनावाच्या जागी ‘यवन’ आणि पुढे अस्सल इथलं नाव. बाहेरून आलेल्या लोकांनी एक खांब आपला म्हणून दिला, आणि तो खांब छताचं ओझं वाहतोय अजून.

‘म्हणजे वर्गणी,’ मित्र म्हणाला. हा शब्द तो पुण्यात गणपतीत शिकला होता. सोसायटीतली पोरं दार वाजवायची.

‘वर्गणीच.’

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘आमच्याकडे बुहफाय थाम असतं.’ बुहफाय म्हणजे तांदूळ, थाम म्हणजे मूठ. मिझो घरात बाई प्रत्येक जेवणाचा तांदूळ काढताना एक मूठ बाजूला ठेवते. साठला की तो चर्चचा. शंभरहून जास्त वर्षं चालत आलेली रीत आहे. त्याची आई अजून ठेवते, घरात दोनच माणसं राहिलीत तरी.

मी त्याला कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड सांगितला. मूठमूठ धान्यावर शाळा आणि वसतिगृहं चालवली त्यांनी. आणि येताना लोकल ज्या तळेगावात थांबली होती, तिथला पैसा फंडही सांगितला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा जमवायची कल्पना काढली, टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैशांतून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. मावळाला ही सवय जुनी आहे, असं म्हणायला मला मोह झाला. म्हटलं नाही, कारण दोन हजार वर्षांना असं एका दोरीत ओवणं हा पुणेरी आजार आहे आणि मी तो आवरण्याचा प्रयत्न करतोय.

पण आम्हा दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. ती तोच बोलला. ‘आमच्या क्लबसाठी कुणी मूठ मागितली नाही.’

इथे मला 2012 चा ऑगस्ट सांगायला हवा. आसामात कोक्राझारकडे दंगल पेटली होती. मग मोबाइलवर मजकूर फिरायला लागले: अमुक तारखेच्या आत ईशान्येच्या लोकांनी शहर सोडावं. पुण्यात काही जणांना मारहाण झाली होती, त्यामुळे अफवेला पाय फुटले. पुणे आणि बेंगळुरूच्या स्टेशनांवर हजारो पोरं-पोरी सामान घेऊन जमली. माझा मित्रही त्यांत होता. मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो नव्हतो. मला कळलंच नाही. आठवड्याने त्याचा गुवाहाटीहून फोन आला, ‘दादा, खोलीची चावी शेजारच्या काकूंकडे आहे.’ मी त्याच्या घरमालकाला भेटलो. त्या गृहस्थांनी मला अकरा महिन्यांचा करार दाखवला आणि डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे वळते केल्याचं सांगितलं. भिंती मी पाहिल्या होत्या. त्यांना रंग लागलेला नव्हता.

तो परतला दिवाळीच्या आधी. नव्या खोलीसाठी पुन्हा तेच प्रश्न: काय खाता, किती जण येतात, रात्री किती वाजता. आणि त्यानंतरच्या शनिवारी तो बालेवाडीला हजर. त्या कोपऱ्यात आधीच्या निम्मेही लोक नव्हते. पण तो 2012-13 चा हंगाम पुणे एफसीचा सगळ्यात चांगला हंगाम ठरला. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा, पुढे मिझोरमचा जेजे, आणि दक्षिण सुदानचा जेम्स मोगा. मोगाचा देश जेमतेम वर्ष-दीड वर्षाचा होता, 2011 मध्ये जन्मलेला. देश नवा, गाव परकं, आणि हा मावळच्या वाऱ्यात गोल मारतोय. पुणे त्या वर्षी लीगमध्ये दुसरा आला, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. माझा मित्र त्या हिवाळ्यात पहिल्यांदा ‘आपला पुणे’ म्हणाला. मी साप्ताहिकासाठी लिहिलेल्या चारशे शब्दांत हे वाक्य टाकलं होतं, संपादकांनी जागेअभावी काढलं.

चैत्यातून बाहेर येऊन आम्ही दक्षिणेच्या अंगाला गेलो. इथे भाज्याची मला सगळ्यात आवडणारी जागा आहे: लहान-मोठे चौदा स्तूप, काही कपारीच्या आत, काही बाहेर, दाटीवाटीने, एस्टी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. ते म्हातारेच आहेत. इथे राहून गेलेल्या थेरांचे, वडीलधाऱ्या भिक्षूंचे हे स्तूप. काहींवर नावं आहेत: अंपिनिकण, धमगिरी, संघदिन. बाकीच्यांची पुसली. त्यांच्यात उभं राहिलं की एखाद्या संघाच्या जुन्या फोटोत आपण चुकून शिरलोय असं वाटतं. पुढच्या विहारात ती प्रसिद्ध शिल्पं, हत्तीवरचा पुरुष, चार घोड्यांचा रथ, आणि ती वाजवणारी बाई, पुढ्यात तबल्यासारखी वाद्यं घेऊन, शेजारी नाचणारी. तिथे एक कुटुंब मुलीला त्या नर्तकीसारखी पोझ द्यायला लावत होतं. मुलीला भूक लागली होती.

मित्राने मफलर काढून पिळला. पाणी धार धरून पडलं.

क्लबचा शेवट असा झाला. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली, सिनेमानट आणि क्रिकेटपटू मालक घेऊन. पुण्याला एफसी पुणे सिटी मिळाला, त्यात पहिल्या वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे खेळून गेला. इकडे आय-लीगमध्ये त्याच हंगामात कल्याणी समूहाचा भारत एफसी नवा उतरला. म्हणजे 2014-15 मध्ये या शहरात तीन मोठे क्लब होते. भारत एफसी अकरा संघांत अकरावा आला आणि एका हंगामात संपला. पुणे एफसी 2015 मध्ये आवरला गेला, त्याची अकादमी पुणे सिटीकडे गेली. मग डीएसके शिवाजियन्स आले, दोन हंगाम आय-लीग खेळले, 2017 नंतर नाहीत. त्यांच्याकडे लुंगलेईचाच एक पोरगा होता, लालिआनझुआला छांगते, जो पुढे मुंबईकडून खेळून देशातला पहिल्या रांगेतला खेळाडू झाला. आणि 2019 मध्ये पुणे सिटीही गेला. त्याची लीगमधली जागा हैदराबादने घेतली, आणि 2022 मध्ये त्या हैदराबादने करंडक जिंकला. पाच वर्षांत चार क्लब. आमच्या शहराने फुटबॉलला भाडेकरूसारखं वागवलं, अकरा महिन्यांच्या करारावर.

समूहांना दोष देण्यात मला रस नाही. त्यांनी पैसे घातले, चांगले प्रशिक्षक आणले, आणि परवडेना तेव्हा थांबवलं. धंद्यात तसंच करतात. पण कोल्हापूरकडे बघा. तिथे पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार. नावातच तालीम आणि पेठ. एखाद्या हंगामात पैसे कमी पडले तर पेठ ओरडते, भांडते, पावती फाडते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी समोरासमोर आले की अर्धं गाव तिथे. त्यांच्यातलं फुटबॉल नेहमी चांगलं असतं असं नाही, मारामाऱ्याही होतात, पण बंद पाडायचं तर कुणी पाडायचं? कागदावर मालकच सापडत नाही.

बाहेरून आलेल्यांनी क्लब चालवल्याची उदाहरणं जगात ढिगाने आहेत. टोरोंटोत क्रोएशियातून आलेल्या लोकांचा टोरोंटो क्रोएशिया हा क्लब 1975 मध्ये तिथल्या मेट्रोज नावाच्या डबघाईला आलेल्या व्यावसायिक संघाशी जोडला गेला. मेट्रोज-क्रोएशिया असं जोडनाव झालं. उत्तर अमेरिकेच्या लीगला ते नाव डोळ्यांत खुपायचं, एका देशाच्या लोकांचा संघ वाटतो म्हणून. 1976 मध्ये याच संघाने युसेबियोला घेऊन ती लीग जिंकली, अंतिम सामन्यात मिनेसोटाला 3-0 हरवून. 1979 मध्ये विकला गेला आणि नवं नाव पडलं, ब्लिझर्ड. क्रोएशिया गळलं. चार हंगाम टिकलं ते जोडनाव. मी मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘चार तरी त्यांचे होते.’

मला यावर उत्तर सुचलं नाही. पुण्यात त्या कोपऱ्याला कधी कुणी विचारलं नाही की तुमचं काय, तुम्ही काय देता. ते आले, ओरडले, घसा बसला, बस पकडून गेले. क्लब बंद झाल्याची बातमी त्यांना इतरांसारखीच फोनवर कळली. यवनाकडून खांब घेणारा कुणीतरी धेनुकाकटात असला पाहिजे, जो दारात गेला आणि म्हणाला, तुमच्या नावाचा एक खांब राहिलाय. निदान मी तरी असं समजतो.

एप्रिल 2017 मध्ये मात्र माझ्या मित्राला एक उधारी फिटल्यासारखं झालं. मुंबई एफसीने सात वर्षं सांभाळून सोडून दिलेले प्रशिक्षक खालिद जमील ऐझॉलला गेले, आणि पहिल्याच हंगामात, शेवटच्या दिवशी शिलाँगमध्ये 1-1 बरोबरी करून ऐझॉल एफसीने आय-लीग जिंकली. आदल्या वर्षी खाली घसरलेला आणि गोव्याचे क्लब बाहेर पडल्याने परत घेतलेला संघ. त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटचा आला आणि बंद झाला. माझा मित्र त्या दिवशी खराडीतल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये ड्युटीवर होता. फोन डाळीच्या डब्याला टेकवून सामना बघितला म्हणाला. जिंकल्यावर हॉटेलमधल्या बिहारी आचाऱ्याने त्याला उचललं. दोघांचं वजन भट्टीशेजारी तोलत.

पाऊस वाढला. कार्ले पूर्ण गेलं, खोरंच गेलं, फक्त द्रुतगती मार्गाचा आवाज राहिला. आम्ही उतरलो. खाली एका टपरीवर कांदाभजी आणि चहा घेतला. भाज्यात भजी खायची हा विनोद त्याला मी करून दाखवला, त्याने सौजन्याने हसून घेतलं. टपरीवाल्या मावशी घरचा इंद्रायणी तांदूळ विकत होत्या, किलोकिलोच्या पिशव्यांत. त्याने पिशवीत नाक खुपसून वास घेतला.

‘चिकट होतो का?’

‘होतो की. पोराला खिमटीला हाच देतो,’ मावशी म्हणाल्या. ‘कुठलं रे तू बाळा? नेपाळ?’

‘पुणे,’ तो म्हणाला.

मावशींनी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं, आणि दोन किलोच्या पैशांत मापाच्या वर दोन मुठी जास्त घातल्या.

मळवलीच्या फलाटावर लोकलला उशीर होता. छप्पर गळत होतं, कोरडी एकच जागा होती तिथे एक कुत्रं झोपलेलं. मित्राने तांदळाची पिशवी मफलरमध्ये गुंडाळून सॅकमध्ये ठेवली. विमानात पंधरा किलोच नेता येतं, मग काय काय टाकावं लागेल याचा हिशेब करत होता: प्रेशर कुकर, दोन जीन्स, बूट. तांदूळ टाकणार नव्हता.

‘आई यातली मूठ काढेल चर्चला,’ तो म्हणाला.

‘कुठला तांदूळ म्हणून सांगशील?’

‘पुण्याचा.’

‘मावळचा,’ मी म्हटलं.

‘तेच ते,’ तो म्हणाला, आणि लोणावळ्याकडून लोकलचा भोंगा ऐकू आला.